माल उरता कामा नये

सोमवारी सकाळी मेश्राम गुरुजी शाळेच्या जागेवर पोचले आणि मटकन खाली बसले. शाळा जागेवर नव्हती, याचं त्यांना काही नव्हतं. ती शनिवारी पाडायचीच होती आणि मुखरू ठेकेदारानं ती पाडलीही होती. पण पाडलेल्या शाळेचा ढीगसुद्धा जागेवर नव्हता. विटा नाहीत, छपराचे कवेलू नाहीत, ते पेलणारी सागाची मयाल नाही, दाराची चौकट नाही. मोहाटोलीतली शाळा मुळासकट नाहीशी झाली होती.

गुरुजींना धास्ती होती ती ठेक्यातल्या अटीची. आजूबाजूच्या गावांत ठेकेदार जुनी इमारत पाडायचे आणि तिचं सागवान परस्पर विकून टाकायचे. म्हणून या खेपेला ओव्हरसियर साहेबांनी स्वतः अट घातली होती : 'जुन्या इमारतीतून निघालेला एकूण एक माल नव्या इमारतीतच वापरावा. माल उरता कामा नये.' अट मोडली की ठेका रद्द. ठेका रद्द म्हणजे नवी शाळाही रद्द, आणि पोरं आंब्याखाली, देव जाणे किती वर्षं.

तशी मंजूर झालेली शाळाही एकाच खोलीची होती. एका खोलीत चार वर्ग. चौथीचा भागाकार निम्म्यावर आला की पहिलीची कविता त्याच्यावर चढून बसायची. गुरुजींनी दोन खोल्या मागितल्या, तेव्हा कचेरीतून उत्तर आलं होतं, "एक मिळते आहे ती घ्या."

"मुखरू, माल कुठी गेला?"

"मले काय मालूम जी? मी काल साळ्याच्या लग्नाले गेलतो," मुखरू रडकुंडीला आला.

लच्छू कोतवाल मात्र निवांत होता. "गाववाल्यायनं नेला जी गुरुजी."

"म्हणजे चोरला?"

"चोरला काऊन म्हनता? पडल्या घराचा माल गावाचा असते. बापजाद्यापासून तसंच चालत आलं."

गुरुजी तणतणत घरी आले, हातपाय धुवायला न्हाणीत गेले आणि दगडावर ठेचकाळले. दगड ओळखीचा होता. बारा वर्षं तो ओलांडूनच ते वर्गात जात होते.

"कुंता! ही शाळेची पायरी इथी कशी आली?"

"सारं गाव नेऊन राह्यलं होतं," कुंताबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या. "मी एकटीनं काऊन मांगं राहाचं?"

आता गावाला बोलायला गुरुजींनाच तोंड उरलं नव्हतं. त्यांनी लच्छूला बोलावलं. "गुरुवारी साहेब येणार आहेत. दवंडी दे, शाळेचा माल आणून टाका. कोणाचं नाव विचारणार नाही. गोडीनं सांग."

लच्छू गोडीनंच सांगायला निघाला होता. पण धमकीशिवाय दवंडी म्हणजे मिठाशिवाय भाजी, असं त्याचं जुनं मत होतं. म्हणून त्यानं आपल्या पदरचं जोडलं, "साहेबापाशी मोजमाप आहे होऽ! एक कवेलू जरी कमी भरला तं घराघरात झडती होईल होऽ!"

गाव हादरलं. माल नेताना कोणी मोजून नेला होता?

"झिंगू, मी किती कवेलू नेले रे?" ठमाबाईनं कुंपणावरून विचारलं.

"मले माह्येच आठवून नाई राह्यले, बाई."

"मंग आता?"

"दोनचार जास्त टाक आपल्या छपराचे. कमी भरन्यापेक्षा बरं."

हाच विचार घरोघरी झाला. ज्यानं विटा नेल्या होत्या, त्यानं सोबत आपल्या गोठ्याच्याही आणल्या. ज्यानं काहीच नेलं नव्हतं, तोही पाटी भरून आला. "काईच नाई नेलं म्हटलं तं कोन मानते?" हे त्याचं म्हणणं होतं. बुधवारी संध्याकाळी ढीग आंब्याच्या फांदीला टेकला. आधी माल नाही म्हणून गुरुजींची झोप गेली होती, आता आहे म्हणून गेली.

गुरुवारी साहेबांची जीप आली. साहेब ढिगाभोवती एक चक्कर मारून आले, मग उलट्या बाजूनं आणखी एक.

"गुरुजी, ही शाळा होती की राजवाडा?"

"शाळाच होती साहेब. जुनं काम... भिंती जाड होत्या," गुरुजी कसंबसं म्हणाले.

साहेबांनी एका मयालीवर काठी ठेवली. तिच्या टोकाला हिरवंगार पान होतं. "आणि या जुन्या मयालीला पालवी फुटली?"

"सागाची जात लय चिवट असते साहेब," झिंगू अदबीनं म्हणाला.

साहेब संतापले. "हा माल या शाळेचा नाही! मी पंचनामा करतो!"

तेवढ्यात ठमाबाई पुढं आली. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, तिला खरंच नवल वाटत होतं. "साहेब, शाळा तं तुमीच मोजली होती न जी? त्या दिशी, आंब्याखाली बसून, माह्या हातचा मासोळीचा रस्सा खाता खाता?"

साहेबांची काठी जागच्या जागी थांबली. टेपपट्टी त्या दिवशी जीपमधून उतरलीच नव्हती. पंचनामा करायचा तर आधी जुन्या शाळेचं माप दाखवावं लागणार होतं. ते ढिगाकडं बघत राहिले, मग आंब्याखाली दाटीनं बसलेल्या पोरांकडं बघत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"म्हणजे हा सगळा माल शाळेतूनच निघाला."

"हो जी!" सारं गाव एका सुरात म्हणालं.

"मग सगळाच वापरावा लागेल. अट माझीच आहे." साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "मुखरू, दोन खोल्या काढ. माल उरता कामा नये."

"अन् मजुरी?" मुखरूनं विचारलं.

"आमी आहोत न जी!" झिंगू म्हणाला. गुरुजींनी साहेबांना हात जोडले, मग गावाकडं वळून जोडले, आणि आणखी कोणाला जोडायचे राहिले ते न कळून ढिगालाही जोडले.

पेरणीपूर्वी दोन खोल्या उभ्या राहिल्या. पोळ्याच्या सुमारास पावसाची झड लागली आणि मोहाटोलीतलं घर न् घर गळायला लागलं. कोणाचे दोन कवेलू कमी, कोणाचे चार. गळत नव्हती फक्त शाळा. एकेक करत माणसं डोक्यावर पोती घेऊन शाळेत आली. गुरुजींनी चारही वर्ग आनंदानं एका खोलीत कोंबले आणि दुसरी गावाला दिली. या लोकांनी आपलं छप्पर उघडं करून आपल्या पोरांवर घातलं, हे आठवून ते दारात उभं राहून एकेकाला हात धरून आत घेऊ लागले.

सगळे बसले. ठमाबाई तेवढी मान वर करून उभीच होती.

"बसा न बाई," गुरुजी म्हणाले.

"थांबा जी गुरुजी. माह्या घरचे कवेलू कोनते, ते पाहून राह्यली. त्याच्याच खाली बसतो."