गणूभाऊंची इंग्रजी शाळा

पालघरात कुणी गणूभाऊंना स्टेशनचा रस्ता विचारला, की ते आधी शाळा दाखवायचे. डहाणूला निघालेला एक पाहुणा असाच सापडला त्यांना. गाडी गेली बिचाऱ्याची, पण प्रयोगशाळा बघून झाली!

गणूभाऊ आमचे शेजारी, आणि समोरच्या इंग्रजी शाळेचे, म्हणजे आठवीपासूनच्या हायस्कुलाचे, शिपाई. "गोऱ्या सायबाच्या वेळची शाळा हाय," असं म्हणताना छाती अशी काढायचे, की पायाचे दगड यांनीच वाहिलेत! बाकांवर कोरलेल्या नावांवरून इतिहास सांगायचे. "हा आता मामलेदार हाय. नाव कोरलं तवा छडी मीच आणून दिलेली." प्रयोगशाळेतल्या हाडांच्या सापळ्यापुढे मात्र टोपी सरळ करायचे. "हे आमचे सगल्यात जुने सर. एक रजा नाय घेतली."

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. माझी शालू सातवी पास झाली आणि गणूभाऊ दारात हजर.

"वयनी, शाळा बघायला चला."

"अहो, समोर तर राहते मी!"

"ते बाहेरून. आत कधी आल्यात?"

खरंच की! मी अक्षरं शिकले ती घरात, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. गेले.

सगळं दाखवून त्यांनी शेवटी एक खोली उघडली. आरसा, दोन बाकं, झाकलेला माठ.

"मुलींची खोली," हळूच म्हणाले.

"मग मुली कुठायत?"

"सातवीनंतर घरीच बसवतात ना. औंदा पण आठवीत कोण आली नाय, तर हितं मोडकी बाकं टाकायची ठरलंय."

"आमची शालूसुद्धा आता घरात मदतीला..." मी म्हटलं.

तासतासभर बोलणारे गणूभाऊ माठावरचं झाकण नुसतं फिरवत राहिले. मग म्हणाले, "रोज सकाली भरतो, वयनी. सांजेला भरलेलाच ओततो."

दुसऱ्या दिवशी शालूचं नाव घातलं. वर तिच्या दोन मैत्रिणींच्या आयांशी भांडून त्यांचीही घालायला लावली.

पंधरवड्याने शालूचा विसरलेला डबा द्यायला गेले. खोलीचं दार आतून लावलेलं, आत तिघींचं खिदळणं. बाहेर खांद्यावर कळशी घेऊन गणूभाऊ. इतकी वर्षं खुशाल ढकलून आत जायचे ते. आज दारावर बोटाने टकटक करत होते.

"पोरींनो, येऊ काय आत?"

"थांबा हो, गणूकाका!"

आणि गणूभाऊ थांबले. कळशी खाली न ठेवता, अगदी खुशीत.