घटाखालचे साठ हजार

अमृतने एवढंच ठरवलं होतं की पैसे दोन तासांपुरते घ्यायचे. दोन तास म्हणजे बायको घटाची माती आणायला वाडीत जाऊन परत येईपर्यंत. त्या दोन तासांचे दहा दिवस कसे झाले, आणि त्या दहा दिवसांत एरवी देवाला लांबून नमस्कार करणारा हा माणूस आरतीला सगळ्यांच्या पुढे कसा उभा राहू लागला, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

डहाणूतल्या एका फुग्यांच्या कारखान्यात अमृत क्लार्क. (तो फुगे मोजत नाही, फुग्यांची खोकी मोजतो. हा फरक तो आल्यागेल्या प्रत्येकाला समजावून सांगतो.) कारखान्यातल्या सहा जणांना क्रिकेटच्या टीमा लावायचा नाद होता. हातात बॅट धरून त्यांच्यातल्या कोणालाही पंधरा वर्षं झाली असतील; नाद मोबाईलवरचा. अकरा खेळाडू निवडायचे, एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. पावसाळ्यात सरकारने पैसे लावून खेळायचे हे खेळ बंद केले आणि सहाही जण सुतक असल्यासारखे खाली मान घालून डबा खाऊ लागले. शेवटी पॅकिंगमधल्या दिपकने तोड काढली. आपली आपण लीग चालवायची. माणशी दहा हजार. जिंकेल त्याने साठ हजार घेऊन जायचं.

"आणि तोवर पैसे कोणाकडे?" उमेशने विचारलं. उमेश मशीनवर असतो, उधव्याहून येतो, कमी बोलतो.

"माझ्याकडे ठेवा की," दिपक म्हणाला.

"तुझ्याकडे गणपतीची वर्गणी ठेवली होती," लाहूने आठवण करून दिली.

"तिचा हिशोब दिलाय मी."

"तोंडी."

"मग सुक्याकडे ठेवा."

"सुक्याकडे माझी शिडी आहे दोन वर्षं," रघ्या म्हणाला.

"वापरात आहे ती अजून," सुक्या म्हणाला.

अमृतकडे ठेवू या, असं कोणी म्हणालंच नाही. अमृतने जरा वाट बघितली आणि मग डब्याचं झाकण लावलं.

"सुषमावहिनींकडे ठेवू," उमेश म्हणाला, आणि त्यावर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं.

सुषमा ही अमृतची बायको. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा. तिच्या आठवड्यात जेवायला मोकळे वार मोजकेच. एकदा डहाणू रोडच्या बाजारात कोळणीने चुकून वीस रुपये जास्त परत दिले, तर ही अर्ध्या वाटेतून उन्हात मागे गेली होती. कोळणीने त्या वीस रुपयांचे बोंबील बांधून दिले. नेमका गुरुवार होता. ते अमृतने खाल्ले.

"जुगाराचे पैसे मी सांभाळायची नाही," सुषमा आधी म्हणाली.

"मग दिपककडे जातील, वहिनी," उमेश म्हणाला.

सुषमाने क्षणभर विचार केला. "ठेवा," ती म्हणाली.

तिने नोटा मोजल्यासुद्धा नाहीत. उमेशकडूनच त्या स्टीलच्या डब्यात ठेवून घेतल्या. दोन दिवसांवर घटस्थापना होती. "हा डबा घटाच्या चौरंगाखाली राहील," तिने सांगितलं. "घट बसले की दसऱ्यापर्यंत चौरंग हलत नाही, दिवा विझत नाही आणि घराला कुलूप लागत नाही. देवीच राखेल. कोण जिंकतंय ते जिंका, पण मागायला दसऱ्याला या."

बँकेच्या लॉकरलासुद्धा एवढे नियम नसतात. सगळे निर्धास्त होऊन गेले.

अडचण एकच होती. अमृतचा आणखी एक डाव चालू होता, आणि तो या पाच जणांना ठाऊक नव्हता. कुठूनतरी आलेल्या लिंकवरून त्याने परदेशातलं एक अ‍ॅप घेतलं होतं. त्यात तो पाचशे लावून हरला, हजार लावून हरला, आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चक्क जिंकला. पडद्यावर आकडा आला, दोन लाख दहा हजार. अमृतने चष्मा पुसला. आकडा तेवढाच होता. पैसे काढायचं बटण दाबलं, तर प्रिया नावाची एक बाई चॅटवर आली.

"अभिनंदन अमृतजी. रक्कम मिळण्यासाठी प्रथम अठ्ठावीस टक्के कर भरावा. अठ्ठावन्न हजार आठशे."

"जिंकलेल्यातूनच कापून घ्या ना," अमृतने लिहिलं.

"सिस्टीम परवानगी देत नाही."

"भरले तर पैसे किती वेळात येतील?"

"तात्काळ."

अठ्ठावन्न हजार आठशे. डब्यात साठ हजार. वर बाराशे उरत होते. आयुष्यात प्रथमच अमृतला देवीने कौल दिल्यासारखं वाटलं. सुषमा टोपली घेऊन वाडीत गेली. त्याने डबा उघडला, नोटा काढल्या आणि तेवढ्याच जाडीचा कारखान्यातल्या लेबलांचा गठ्ठा रुमालात बांधून आत ठेवला. (गठ्ठा अगदी बेतात बसला. मोजामापाच्या कामात तो पक्का आहे.) मग मोटारसायकलवरून स्टेशनजवळचं मोबाईलचं दुकान गाठलं, रोकड देऊन खात्यात घातली आणि खात्यातून प्रियाला पाठवली.

दोन तास झाले. सुषमा माती घेऊन आली. रात्रीची जेवणं झाली. तात्काळ काही आलं नाही.

सकाळी सुषमाने चौरंग मांडला. त्याखाली डबा, वर परडीत काळी माती, मातीत सात धान्यं, मध्ये कलश, कलशावर नारळ. शेजारी दिवा लागला. तिने हात जोडले आणि अमृतलाही खूण केली. लेबलांच्या गठ्ठ्यापुढे हात जोडताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. आता पैसे आले, तरी ते आत ठेवायचे कसे?

त्या दिवसापासून अमृत बदलला. पहाटे उठून माळेसाठी झेंडू आणायला लागला. दिव्यातलं तेल कमी होऊ देईना. पहिल्या दिवशी पांढरा, दुसऱ्या दिवशी लाल, असे ज्या दिवसाचा जो रंग तो शर्ट घालायला लागला. आरती तर अशा आवाजात म्हणायचा की शेजारची रूपीआजी, जिला ऐकू कमी येतं, तीही टाळी वाजवू लागली.

"ह्यांच्यात फार फरक पडलाय गं," सुषमा फोनवर बहिणीला सांगत होती. "किती वर्षं मागत होते मी देवीकडे."

हे ऐकताना अमृत मोरीत तोंड धूत होता. त्याने बराच वेळ धुतलं.

प्रियाचं उत्तर दर वेळी येई. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. तिसऱ्या दिवशी तिने आणखी एकवीस हजार सुरक्षा ठेव म्हणून मागितले. "नाहीत," त्याने लिहिलं. "प्रयत्न करा," तिने लिहिलं. पाचव्या दिवशी ती बोलायची बंद झाली आणि सहाव्या दिवशी अ‍ॅपच उघडेना. अमृत पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेला. बंदी असलेला खेळ, त्यात दुसऱ्यांचे पैसे, तेही देवीच्या चौरंगाखालून काढलेले. तक्रार लिहिणारा पहिला गुन्हेगार कोणाला धरेल, याचा त्याने विचार केला. फाटकावरच्या हवालदाराने "काय पाहिजे?" विचारलं. अमृतने किती वाजले ते विचारलं आणि घरी आला.

सातव्या माळेला लीग संपली. उमेश जिंकला.

संध्याकाळी तो अमृतच्या घरी आला, बरोबर दिपक. उमेशच्या घराचे पत्रे जूनच्या वाऱ्यात उडाले होते. बायको, दोन पोरं आणि आई तेव्हापासून चुलतभावाच्या ओसरीवर झोपत होती. "तलासरीच्या दुकानात पत्रे बाजूला काढून ठेवायला सांगितलेत," तो म्हणाला. "दसऱ्याला उचलतो म्हटलं."

"उचला, भाऊजी," सुषमा म्हणाली. "दसऱ्याला सकाळी पूजा झाली की लगेच देते."

"वहिनी, राग मानू नका," दिपक मध्येच म्हणाला. "पण पैसे आत आहेत हे नक्की ना? नाही म्हणजे, बघितलंय कोणी?"

सुषमाच्या तोंडावरून कोणीतरी हात फिरवून रंग पुसून न्यावा तसं झालं. ती उठली, घटापाशी गेली, मातीला हात लावला. कोंब बोटभर वर आले होते.

"बावीस वर्षं बसवतेय मी घट," ती म्हणाली. "पैसे आत नसले, तर पुन्हा आयुष्यात बसवणार नाही."

आत्ता बोल, अमृतने स्वतःला सांगितलं. आत्ता नाही बोललास तर कधीच नाही. त्याने तोंड उघडलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"चहा टाकू का?" तो म्हणाला.

पुढचे दोन दिवस त्याने साठ हजार उभे करण्यात घालवले. मॅनेजरने सांगितलं, अ‍ॅडव्हान्स दिवाळीला, तोही दोन हजार. मोटारसायकल विकायला हायवेवर नेली, तर गाडी बघणाऱ्याने तिचा फक्त स्टँड चांगला आहे असं सांगितलं. शेवटी तलासरीला मेव्हण्याकडे गेला. मेव्हणा संदीप स्वभावाने चांगला.

"कशाला पाहिजेत, भावोजी?"

"देवीचं काम आहे," अमृतच्या तोंडून गेलं.

संदीप हात धुऊन आत गेला आणि पाकिटात एकशे एक रुपये घालून घेऊन आला. वर हळदीकुंकू लावून.

दसरा उजाडला. पाचही जण आंघोळी करून आले. दाराला तोरण होतं. सुषमाने पूजा केली, नैवेद्य दाखवला, घट हलवला. परडी उचलताना तिने ती लेकराला उचलावं तशी उचलली. मग चौरंग बाजूला करून डबा सगळ्यांच्या मध्ये ठेवला आणि उमेशला म्हणाली, "तुम्हीच उघडा."

उमेशने झाकण काढलं. रुमाल सोडला. वरचं लेबल उचलून त्याने वाचलं. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये. त्याने दुसरं उचललं. त्यावरही तेच होतं.

दिपकने वर पाहिलं, आणि तो पाहत होता सुषमाकडे.

ते मात्र अमृतला बघवलं नाही.

"मी घेतले," तो म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं. अ‍ॅप, कर, प्रिया, सुरक्षा ठेव. सांगताना त्यालाच ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटत होतं, आणि तो दुसरा फार मूर्ख वाटत होता.

"आता पत्रेवाल्याला काय सांगू?" उमेश एवढंच म्हणाला. हे तो कोणाला विचारत होता, कळलं नाही. त्याने हात उगारला असता तर बरं झालं असतं.

सुषमा आत गेली आणि तिचं पासबुक घेऊन आली. उमेशने ते हातात न घेताच परत सारलं.

"तुमचे नकोत, वहिनी. पैसे तुम्ही नाही खाल्ले." मग तो अमृतकडे वळला. "दर महिन्याला तुझा पगार माझ्यासमोर होईल. घरखर्चाचे वहिनींच्या हातात, बाकीचे माझ्या. पाऊस यायच्या आत पत्रे चढले पाहिजेत."

अमृतने मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली, जणू पगार त्यांचाच होता.

सुषमा परडीपाशी बसली. पिवळसर कोंब तिने जपून उपटले आणि रीतीप्रमाणे एकेकाच्या हातावर ठेवले. दिपकला देतानाही तिचा हात थांबला नाही. दिपकची मान खाली होती. "शेवटचंच आहे हे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून या घरात घट नाहीत. शब्द गेलाय माझा." आवाज शांत होता. एवढ्या शांत आवाजात तिला बोलताना अमृतने फक्त तिचे वडील गेले तेव्हा ऐकलं होतं.

उमेशने हातावरचे कोंब जपून खिशात ठेवले.

"तुम्ही नाही बसवायचे, एवढाच शब्द आहे ना?" तो म्हणाला. "मग हा बसवेल. नऊ दिवस उपास, पायात चप्पल नाही, दिवा विझला तर आम्हाला उत्तर द्यायचं. मी रोज येऊन बघून जाईन."

"त्यांना काही येत नाही त्यातलं," सुषमा म्हणाली. पण हे म्हणताना तिने सकाळपासून पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं. "माती कुठली घ्यायची हेसुद्धा माहीत नाही."

"शिकेन मी," अमृत म्हणाला. मग काहीतरी उपयोगाचं बोलावं म्हणून त्याने विचारलं, "चौरंगाखाली काय ठेवू?"

सहाही जणांची नजर त्याच्या शर्टाच्या खिशाकडे गेली.

"त्यासाठी वर्षभर थांबायला नको," सुषमा म्हणाली आणि हात पुढे केला. अमृतने खिशातला मोबाईल काढून दिला. तिने तो रिकाम्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट दाबलं, डबा चौरंगाखाली सारला आणि सगळ्यांसाठी पानं मांडायला घेतली. उमेशने बसावं म्हणून तिने त्याचं पान सगळ्यात आधी मांडलं. तो बसला. मग बाकीचेही बसले.

पहिला घास उचलला असेल-नसेल, तोच चौरंगाखाली डबा वाजायला लागला. घुर्रर्र, घुर्रर्र. कोणी मान वळवली नाही. सुषमा भात वाढत राहिली.

अमृत तेवढा पानावरून अर्धा उठला. "प्रिया असेल," तो म्हणाला. मग सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो पुन्हा खाली बसला.