माणिककाकांचा डावा कान

माणिककाका बोलता बोलता मध्येच थांबतात, हात वर करतात आणि म्हणतात, "सबूर. वाजलं."

वाजतं ते त्यांच्या डाव्या कानात. पेनाचं बटण दाबल्यावर होतो तसा टक् आवाज. गप्प बसले तर काही नाही. बोलायला लागले की दर दोन-चार शब्दांना टक्. काका तो पुरता ऐकून घेतात, मगच पुढचा शब्द काढतात.

मूळचे करमाडचे, खुलताबादच्या तहसिलीत कारकुनी करून निवृत्त झालेले काका माझे घरमालक. मी कोकणातला, आठवीत शाळा सोडलेला. शेंद्र्याच्या कंपनीत लागलो तेव्हा त्यांच्या गच्चीवरची खोली बघायला आलो. काका म्हणाले, "हे बघ, नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. तुला इथं..." आणि हात वर झाला. "सबूर."

मला वाटलं, खोली गेली. मी बॅग उचलली.

"अरे बस की! कुठं चालला? नुसतं वाजलं. तुला इथं दोन बादल्या जास्त लागतील, एवढंच म्हणायचं होतं."

पण त्या टक्‌मुळं आमच्या गल्लीत कुणाचं डोकं फुटलं नाही, हे सगळे मानतात. एकदा पाणी आलेल्या दिवशी शिंदे ओरडत आले, "काका, ह्या जाधवानं नळाला मोटार लावलीय. आमच्याकडं थेंब नाय!" मागोमाग जाधवही आले, बाह्या सरसावून. काकांनी सुरुवात केली, "जाधव, तुमचं चुकलं असं..." टक्. "सबूर." दोघं बादल्या धरून उभे. "...असं मी म्हणत नाय, पण..." टक्. शेवटी जाधवच म्हणाले, "काका, राहू द्या. करतो बंद. तुमचं बोलणं पुरं व्हईस्तोवर पाणीच जाईल."

माझ्यावरही ते कधी ओरडले नाहीत. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच आणला, भरला, आणि दर सुट्टीला गणितं घेतात. सोपं गणित तिसऱ्यांदा चुकलं की त्यांचा चेहरा लाल होतो, तोंड उघडतं, आत टक् होतं, आणि राग तिथंच विरतो. "चल, परत मांड," म्हणतात. एवढं माझ्यासाठी शाळेतही कुणी थांबलं नव्हतं.

म्हणून मला धास्ती. उद्या हा कान गेला तर? मागं लागून लागून मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "कान ठणठणीत आहे. कानाला लागून जबड्याचा सांधा असतो, तो वाजतोय. सुपारी बंद. कडक काही चावायचं नाही. शेक द्या."

मी हे कंपनीतल्या ड्यूटीसारखं अंगावर घेतलं. अडकित्ता लपवला. भाकरी दुधात कुस्करून दिली. सकाळ-संध्याकाळ शेक. तीन आठवड्यांत टक् बंद! मी गल्लीभर पेढे वाटले.

आणि काका बोलायचेच बंद झाले. काही विचारलं तर नुसतं "व्हय" किंवा "नाय". पाण्याच्या दिवशी शिंदे-जाधव पुन्हा एकमेकांवर धावले, तरी काका पायरीवर तसेच.

"काका, बोला की काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू?"

शनिवारी दुपारी पाळीला निघताना धीर करून विचारलं, "काका, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकलं? तू तर बरं केलं." मग फाटकाकडं बघत म्हणाले, "तुझी काकू होती तवा तहसिलीतून आलो की मी दिवसभराचं सगळं सांगायचो. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, हूं, मग? ती गेली अन् घरात कशाचाच हुंकार येईना. एक दिवस असाच एकटा बडबडत होतो, तर कानात टक् झालं. वाटलं, कुणीतरी ऐकतंय. खुळ्यावाणी हाय, मला कळतंय की."

मी ज्याला दुखणं समजलो होतो, ते हे होतं. चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"काका, तहसिलीतलं काहीतरी सांगा ना."

"आता? ते जुनं?"

"व्हय."

ते सावरून बसले. "एकदा एक म्हातारा शेळी घेऊन दफ्तरात शिरला. म्हणतो, रहिवासी दाखला पायजे, साक्षीदार संगं आणलाय."

"हूं, मग?"

"मग काय! साहेब खुर्चीवरून उठले. शेळीनं तवर टेबलावरचा अर्ज खाल्ला. घरी येऊन तुझ्या काकूला सांगितलं, तर ती..."

चौकात कंपनीच्या बसचा भोंगा वाजला. काका गडबडले. "ऊठ, ऊठ! बस आली तुझी."

चार वर्षांत कंपनीत माझा एकही खाडा झाला नव्हता. दुसऱ्यांदा भोंगा वाजला, आणि बस गेली.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "काकू काय म्हणाल्या?"