पाचापर्यंत हलायचं नाही

भिंगरी पलंगाखाली जाऊन बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. तिचे बाबा ठेवणीतला कोट घालून दाराशी उभे होते. काका नव्या सुटात श्वास जपून घेत होता, कारण शिंप्याने माप घेतल्यापासून त्याचं पोट थोडं पुढे सरकलं होतं. आई हातात कंगवा आणि रिबिनी घेऊन पलंगाशी गुडघ्यांवर बसली होती.

"भिंगरी, बाहेर ये बघू. उशीर होतोय."

"मी नाही येत. तुम्ही जा."

"अगं, काका आज रात्री परदेशी निघणार. परत कधी यायचा कोण जाणे. सगळ्यांचा मिळून एक फोटो नको का?"

"काढा ना सगळ्यांचा. मला नका घेऊ. मी असले की खराब होतो."

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं, पंचाईत तीच होती.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर घरचे फोटो होते. बाबांच्या डबा-कॅमेऱ्याने काढलेले. प्रत्येक फोटोत आजी होती, आई होती, काका होता आणि कुठेतरी कडेला एक फिकट डाग होता. कधी त्या डागाला दोन वेण्या असायच्या, कधी चार. मागे एकदा शेजारच्या मावशी आल्या होत्या. फोटो बघता बघता त्यांनी विचारलं, "अगंबाई, हा इथे धूर कसला?"

"धूर नाही, ती मी," भिंगरी म्हणाली होती. "पुसलेली."

सगळे हसले. आजी हसली नाही. त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं, की काका जायच्या आत स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा, आणि त्यात या पोरीचं नाक, डोळे, तोंड सगळं जिथल्या तिथे दिसलं पाहिजे.

म्हणून आता आजी पलंगाजवळ आली आणि आत न वाकता म्हणाली, "स्टुडिओचा जिना उभा आहे म्हणे. मला कोण हात देणार? तुझ्या काकाला तर त्या सुटात वाकतापण येत नाही."

पलंगाखालून आधी एक वेणी बाहेर आली आणि पाठोपाठ भिंगरी.

भिंगरी आठ वर्षांची होती. तिचं असं का होतं, ते थोड्याच दिवसांपूर्वी मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना समजावून सांगितलं होतं. अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. नाव एवढं लांब, की ते पुरं होईपर्यंत भिंगरी दवाखान्याचा जिना उतरून पुन्हा वर आली होती. "पोर खोडकर नाही आणि ढ तर मुळीच नाही," बाई म्हणाल्या होत्या. "तिचं लक्ष एकाच वेळी सगळीकडे धावतं. तिला एका वेळी एकच गोष्ट सांगा. हाताला काम द्या. आणि जमलं की लगेच शाबास म्हणा, संध्याकाळची वाट बघू नका."

आजीला आपल्या शाळेतली एक मैत्रीण आठवली होती. तिला गुरुजी बाकाला बांधून ठेवत. तेव्हा या गोष्टीला नाव नव्हतं, त्या मुलीला मात्र गावभर नावं ठेवली होती.

आईने बाईंचं सगळं लक्षात ठेवलं. बाबांनीही ऐकलं होतं. पण बाबा इमारतींचे नकाशे काढत. दिवसभर पट्टीने सरळ रेघा मारून घरी आलेल्या माणसाला घरात एवढी वाकडी रेघ बघून राहवत नसे. "लक्ष कुठंय तुझं?" हे वाक्य त्यांच्या तोंडून दाराची कडी उघडताच निघे, पुष्कळदा चपला काढायच्या आधी.

आता खिशातल्या फोनमधून उठता बसता फोटो निघतात. त्या काळी स्टुडिओत जायचं म्हणजे मोठं काम असे. केस विंचरून, जोडे पुसून, चेहऱ्यावर उसनी गंभीरता आणून सगळे निघत. हा स्टुडिओ एका दुकानाच्या माडीवर होता. छताला मोठी काच, खाली उंच दांड्यांवर दोन दिवे आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस. फोटोग्राफर स्वतः म्हातारे आणि मोठे मानी. त्यांनी आजीला खुर्चीत बसवलं, आई, बाबा आणि काकाला मागे उभं केलं आणि भिंगरीला आजीशेजारी एक गोल स्टूल दिलं.

स्टूल फिरतं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. भिंगरीला ते सांगावं लागलं नाही.

"भिंगरी, सरळ बस," बाबा म्हणाले. "हात मांडीवर. पाय हलवू नकोस. समोर बघ, पण डोळे वटारू नकोस. तोंड मीट, हनुवटी खाली, आणि जरा हस."

"अहो, एका वेळी एक," आई पुटपुटली.

"एकच सांगतोय, नीट बस!"

भिंगरीने आधीच्या यादीतली शेवटची गोष्ट लक्षात ठेवली आणि हसत हसत गोल फिरली. फिरता फिरता तिला सगळा स्टुडिओ दिसला. छताच्या काचेवरचं वाळकं पान दिसलं, फोटोग्राफरांच्या मोज्याचं भोक दिसलं.

"बाबा, पडद्याचा वरचा खिळा हलतोय."

"इकडे लक्ष दे."

"पण तो निघालाय. अर्धा बाहेर आहे."

"भिंगरी, समोर!"

ती समोर वळली, मग कडेला, मग पुन्हा मागे. या सगळ्या वळणांत दिव्याची वायर स्टुलाच्या फिरत्या दांड्याभोवती गुंडाळली जात होती. वायर संपली तेव्हा दिवा मोठ्या अदबीने पुढे वाकला, आणखी वाकला आणि जमिनीवर आडवा झाला. मोठा आवाज झाला. दुसरा दिवाही विझला. खालच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "अहो, आमचेपण गेले!"

"फ्यूज उडाला," फोटोग्राफर खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले. "वायरमन आता उद्या यायचा."

"छान," काका म्हणाला. "परदेशात कुणी विचारलं, घरचा फोटो दाखवा, तर डोळे मिटायला सांगेन."

आजीने मात्र कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे तीन पायांवर झाकून ठेवलेलं काहीतरी होतं. "तो जुना कॅमेरा चालतो का हो? माझ्या लग्नाचा फोटो त्यानेच काढला होता. तेव्हा कुठे होते दिवे?"

फोटोग्राफरांचा चेहरा खुलला. त्यांनी झाकण काढलं. लाकडी पेटी, पितळी भिंग, मागे काळं कापड. "चालतो म्हणजे काय! पण फोटो उमटायची काच एकच उरलीय. आणि एवढ्याशा उजेडात पाच आकडे मोजेपर्यंत भिंग उघडं ठेवावं लागेल. तोवर कुणी हलायचं नाही. हलला तो पुसला."

सगळ्यांनी न ठरवता भिंगरीकडे बघितलं.

भिंगरी स्टुलावरून उतरली. "मी खाली पायरीवर बसते," ती म्हणाली. रडली नाही, रुसली नाही. आपल्या वाट्याचं काम समजून घेतल्यासारखी निघाली. आईने पटकन तोंड फिरवलं.

"ती नसेल तर मीही नाही," आजी म्हणाली.

"आई, अगं पाच आकडे!" काका आजीला म्हणाला. "तिला झोपेतसुद्धा जमत नाही. सकाळी पाय उशीवर असतात."

"मग तुझा एकट्याचा काढ. सूट चांगला येईल."

बाबा आडव्या दिव्याकडे बघत होते.

तेवढ्यात कॅमेऱ्याकडून फुस्स असा आवाज आला आणि पाठोपाठ फोटोग्राफरांची किंकाळी. "हात लावू नका! कोण आहे ते?"

दाराकडे निघालेली भिंगरी वाटेत कॅमेऱ्याशी थांबली होती. कॅमेऱ्यातून एक लांब नळी निघाली होती आणि नळीच्या टोकाला लाल रबरी फुगा होता. तो तिच्या मुठीत होता. काच अजून बसवलेली नव्हती हे नशीब.

"हा दाबला की उघडतं?" तिने विचारलं.

"हो. ठेव खाली."

"आणि सोडला की मिटतं?"

"मिटतं. ठेव म्हणतो ना!"

"लवकर सोडला तर?"

"काळा पडतो फोटो."

"आणि उशिरा?"

"पांढराफटक." फोटोग्राफर आता नकळत उत्तरं देऊ लागले होते.

"म्हणजे बरोबर पाचालाच सोडायचा," भिंगरी स्वतःशीच म्हणाली. तिने फुगा दाबला, ओठांनी आकडे मोजले आणि सोडला. पुन्हा दाबला.

आजी तिच्या पाठीकडे बघत होती. दोन्ही वेण्या सरळ खाली लोंबत होत्या. घरात असं दृश्य फार क्वचित बघायला मिळे.

"तो फुगा तिलाच द्या," आजी म्हणाली. "नळी लांब आहे. फुगा हातात घेऊन माझ्याजवळ बसेल."

"भलतंच! अहो, माझ्या बायकोलासुद्धा मी कधी त्याला हात लावू दिला नाही."

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा," आई काकाला म्हणाली. "एकच काम आहे, आणि तिच्या हातात आहे. डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलंय."

काकाने खांदे उडवायचा प्रयत्न केला, पण सुटाने तो होऊ दिला नाही. मग बाबा बोलले. हे तेच बाबा, ज्यांच्या पेनांना घरात कुणी बोट लावायचं नाही.

"द्या तिला. काच वाया गेली तर जाऊ दे."

फोटोग्राफरांनी काच बसवली, सुस्कारा टाकला आणि बाजूला उभे राहिले. स्टूल कुणीतरी दूर नेलं होतं. भिंगरी आजीच्या पायाशी बसली. आजीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, धरला नाही. बाबा वाकले. "हे बघ, सरळ बस, हात..." एवढं बोलून ते थांबले. जरा वेळाने म्हणाले, "पाचापर्यंत. बस्स."

भिंगरीने भिंगाकडे बघितलं आणि फुगा दाबला.

"एक."

काकाने श्वास रोखला.

"दोन."

वर कुठेतरी कुर्र झालं.

"तीन."

खिळा निघाला. तळं आणि दोन्ही हंस मागे उभ्या तिघांच्या डोक्यावर आले. बाबांनी पडदा पेलायला हात वर केले, आई "अगंबाई!" म्हणत काकावर आदळली, आणि रोखलेला श्वास एकदम सुटल्यामुळे काकाच्या सुटाचं बटण फोटोग्राफरांच्या पायाशी येऊन पडलं. पोर दचकेल म्हणून आजीने खाली वाकून बघितलं.

"चार," भिंगरी म्हणाली. तिची पापणी हलली नव्हती.

"पाच."

तिने फुगा सोडला. मग मान न वळवता म्हणाली, "मी सांगितलं होतं, खिळा हलतोय."

पडद्याखालून काकाचा आवाज आला. "आता हललं तर चालेल का? का अजून मोजायचंय?"

बाबांनी डोक्यावरचं तळं बाजूला केलं आणि मुलीसमोर उकिडवे बसले. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पण एका वेळी एकच सांगायचं, हे त्यांना आता आठवलं.

"शाबास," ते म्हणाले.

संध्याकाळी काकाच्या बॅगा दाराशी लागल्या असताना फोटोग्राफर स्वतः फोटो घेऊन आले. मागे स्टुडिओचा शिक्का नव्हता. "हा मी काढलेला नाही," ते ताठ मानेने म्हणाले.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "तिने काढलाय."

फोटोत मागे सगळा गोंधळ होता. बाबांना सहा हात होते, आईला चेहराच नव्हता, आणि काकाच्या मानेवर कुठलातरी हंस फडफडत होता. आजीचं तोंड धुक्यात गेलं होतं. तिचा हात मात्र सुरकुतीसुरकुतीसकट स्पष्ट आला होता आणि त्या हाताखाली भिंगरी होती. दोन डोळे, एक नाक, एक तोंड, बरोबर दोन वेण्या. काकाने कुणी बघत नाहीसं पाहून आपली प्रत सामानात न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

दुसरी प्रत आजीने बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या नजरेसमोर लावली. काही दिवसांनी शेजारच्या मावशी पुन्हा आल्या. फोटोपुढे थबकल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"अगंबाई, हा तर नुसता धूरच धूर! आणि मध्ये ही एकटी कोण बसलीय एवढी शांत?"

"ती मी," भिंगरी म्हणाली. ती खिडकीच्या गजांना उलटी लोंबकळत होती.

"आणि बाकीचे कुठायत गं?"

"आहेत तिथंच," भिंगरी म्हणाली. "त्यांचं लक्ष नव्हतं."