उकडलेल्या बटाट्याचे परासरण

१९९३ साली सेनगावकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा गुरुवारी ठेवण्यात आली. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचा गुरुवारी उपवास असतो, ही बाब उशिरा लक्षात आली. प्रयोगशाळेत बटाटे होतेच. शिपाई सोनाजीने ते तत्परतेने उकडले.

प्रयोग परासरणाचा होता. बटाट्यात खळगा करायचा, त्यात साखरेचा पाक भरायचा आणि बटाटा पाण्यात ठेवायचा. पेशींभोवतीचे पातळ पडदे पाणी आत घेतात, साखर बाहेर सोडत नाहीत. म्हणून खळग्यातली पातळी चढते. पडदा जिवंत असावा, एवढीच अट.

"सर, कच्चा एक बी ऱ्हायला न्हाई," सोनाजी विषयशिक्षक विजयकुमार सरांना म्हणाला. "सायबाचं खाऊन उरलेले उकडलेलेच हायेत."

"बटाटेच आहेत ना? मांडा."

बटाट्याने कोणत्या अवस्थेत हजर राहावे, याबाबत परिपत्रकात खरोखरच काही नव्हते.

तासाभराने सर्वांनी 'पातळी चढली' असे लिहिले. काहींनी तर ती सुरुवातीला टाचणी टोचून केलेल्या खुणेच्या किती वर गेली, तेही लिहिले. फक्त हट्टा गावच्या प्रतिक्षाने लिहिले, 'चढली नाही.' नर्सिंगला नंबर लागायला तिला याच प्रॅक्टिकलचे मार्क हवे होते.

परीक्षकांनी तिला बोलावले. "सगळ्यांची चढली, तुझीच कशी नाही?"

"सर, बटाटा उकडलेला हाय. उकडल्यावर पडदा मरते. मंग पाणी कोन वढंल? तुमी या ना, बघा."

"मीच बघायचं, तर परीक्षा कुणाची चालली आहे?"

विजयकुमार सर तिच्या कानाशी आले. "खोडून टाक न बाई. कोन बघून राहिलं?"

"मी बघून राहिले ना सर."

उपवास असल्यामुळे परीक्षक रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे तिला नापास केले. त्या उन्हाळ्यात प्रतिक्षा नर्सिंगऐवजी सासरी गेली. पोरीवर अन्याय झाला, असे आम्हाला आजही मनापासून वाटते. त्या वेळी आम्ही व्हरांड्यातच होतो, पण आमचा विषय भूगोल.

बाकीचे उत्तम गुणांनी पास झाले. काही मास्तर झाले, काही साहेब, एकदोघे तर जीवशास्त्राचेच प्राध्यापक. गेल्या साली तुमच्या लेकराचे प्रॅक्टिकल त्यांच्यापैकीच एकाने घेतले. प्रयोग मांडलाच नव्हता. मार्क पैकीच्या पैकी पडले. पेढे घेऊन तुम्ही स्वतः आला होतात.