पहिलीत बसणारे हत्तुरे गुरुजी

आमच्या हत्तुरे गुरुजींचं वय बासष्ट. मिशा पांढऱ्या, पोट सुटलेलं, उठता-बसता गुडघे वाजतात. हा माणूस दरवर्षी चार दिवस पहिलीच्या वर्गात बसतो. शिकवायला नव्हे, शिकायला. शेवटच्या रांगेत, सतरंजीवर, मांडी घालून. त्या चार दिवसांत त्यांचं नाव मल्लू असतं, वय सहा असतं, आणि मल्लू कुणाशीही एक शब्द बोलत नाही.

नवीन भरती झालेले शिक्षक आमच्याकडं उमरग्याला प्रशिक्षणाला येतात. मी तिथला साधनव्यक्ती. शब्द भारदस्त आहे. काम म्हणजे प्रोजेक्टर लावणं, सह्या घेणं, चहा सांगणं आणि उरलेल्या वेळात अध्यापनशास्त्रावर बोलणं. गुरुजी केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या डझनभर शाळांवर लक्ष ठेवणारे. निवृत्त झाले. निवृत्त माणसाला प्रशिक्षणाला बोलवायची कागदावर काही सोय नाही. तरी ते येतात. एका नव्या साहेबांनी विचारलं होतं, "तुम्हाला कोणी बोलावलं?" गुरुजी म्हणाले, "पहिलीत बसायला आमंत्रण लागतंय व्हय?" आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसले. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

आम्ही दोघंही जळकोटचे, भिंतीला भिंत लागून घरं. त्यामुळं त्यांना न्यायचं-आणायचं काम माझ्या मोटारसायकलकडं, आणि एरवीही माझ्या शाळाभेटींना ते मागं बसून येतातच. हायवेवर उजव्या कानाला ट्रकचे हॉर्न आणि डाव्या कानाला गुरुजी. मी मुळात कमी बोलणारा. गुरुजींना त्याची अडचण वाटत नाही. प्रश्न तेच विचारतात, उत्तर तेच देतात, आणि कधीकधी माझ्या न बोललेल्या मुद्द्याला विरोधही तेच करतात.

प्रशिक्षणाचा पहिला तास त्यांचा असतो. पोरं-पोरी ठिकठिकाणाहून आलेली असतात. कोणी वर्ध्याचं, कोणी कोकणातलं, कोणी सांगलीकडचं. नवे शर्ट, नव्या पर्स, नोकरीचा आनंद अजून ओला. गुरुजी आत येतात आणि कानडीत सुरू होतात. हसत नाहीत, थांबत नाहीत. फळ्यावर कानडी अक्षर काढतात, गिरवायला लावतात, एखाद्यावर डोळे वटारतात. मागच्या खेपेला नागपूरकडच्या एका तरुणासमोर उभे राहिले. दोन विषयांत एम.ए., पायात चकचकीत बूट. गुरुजींनी विचारलं, "निन्न हेसरेनु?" तो गप्प. पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तो घामाघूम होऊन माझ्याकडं बघायला लागला. गुरुजी वर्गाकडं वळले आणि मराठीत म्हणाले, "ह्या पोराला सोताचं नाव बी सांगता येत न्हाय. मंद दिसतंय. शेरा मारा."

वर्ग हसला. मग हळूहळू हसायचा थांबला. आमच्या सीमेवरच्या गावांत निम्म्या घरांत कानडी बोलतात आणि शाळा मराठीत असते. जूनमध्ये त्या घरातलं लेकरू आपल्यासमोर असंच घामाघूम बसणार आहे, हे कळायला त्या एम.ए.ला पाचच मिनिटं लागली. मी हेच पन्नास स्लाइड दाखवून सांगत असे आणि लोक डुलक्या काढत.

दुसरं त्यांचं वेड फळ्याचं. कोणत्याही शाळेत गेले की आधी मुख्याध्यापकांना नमस्कार नाही, खुर्ची नाही, पाणी नाही. रिकाम्या वर्गात शिरतात आणि प्रत्येक पोराच्या जागेवर बसून फळा बघतात. "हितनं बगा. खिडकीचा उजेड पडतोय. ह्या पोरीला वर्षभर निम्मा फळाच दिसला न्हाय आन् तुमी लिवलं, अप्रगत." मग खिडकीला गोणपाट लावेपर्यंत तिथून हलत नाहीत. एका शाळेत त्यांनी चहा ठेवलेलं टेबलच खिडकीपुढं ओढलं. चहा सांडला, फळा दिसू लागला. गुरुजींच्या मते सौदा फायद्याचा.

आणि सराव पाठात कुणी "समजलं का?" म्हटलं की संपलं. गुरुजी मल्लूपण तेवढ्यापुरतं बाजूला ठेवून उभे राहतात. "समजलं का असं इचारायचं न्हाय. आमची मालकीण रोज इचारायची, आमटी बरी झालीय का? म्या रोज व्हय म्हनलो. एक दिवस मीठच न्हवतं. तरी व्हय म्हनलो. नंतर ती सोता जेवायला बसली. फुडचं सांगत न्हाय."

मालकीणबाई जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा हैदराबादेत असतो. पण आमटी अजून प्रत्येक प्रशिक्षणात असते.

आता मल्लूचं. चारही दिवस दुपारी सराव पाठ असतात. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी पहिलीची पोरं व्हायचं. बाकीचे पोरांची सोंगं आणतात, खोड्या काढतात, मजा करतात. गुरुजी मात्र सोंग आणत नाहीत. खाली मान घालतात, नखानं सतरंजीवर रेघा ओढतात, आणि चाळीस मिनिटांत कुणीतरी मल्लूला बोलतं करायचं, हा त्यांचा एकमेव नियम. इतक्या वर्षांत ते कुणालाही जमलेलं नाही. लोकांनी गाणी म्हटली, उड्या मारल्या, चॉकलेटं पुढं केली. एकानं मोबाइलवर कार्टून लावलं. मल्लूनं कार्टून पूर्ण पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. एका बाईंनी शेवटी वैतागून हात धरून उठवलं, तर मल्लू रडला. खरं पाणी होतं डोळ्यांत. त्या बाई नंतर दोन दिवस गुरुजींच्या समोर आल्या नाहीत.

यंदाच्या तुकडीत स्वप्नाली नावाची मुलगी होती. चिपळूणकडची, पंचवीस-सव्वीसची. तिची शाळा अगदी कर्नाटकच्या शिवेला, गावात भाड्याची एक खोली, बाजारहाट उमरग्याला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"सर, राजीनामा द्यायचा असेल तर अर्ज कुणाच्या नावे करायचा?"

मी विचारलं, का.

"माझ्या वर्गात अंबिका म्हणून एक मुलगी आहे. जूनपासून एक अक्षर बोललेली नाही. कानडी शिकून बघितलं, खाऊ दिला, तिच्या आईला भेटून आले. घरी बोलते म्हणतात. माझ्याशी नाही. मी तिच्यासमोर गेले की ती आणखी आत जाते. मला हे जमत नाहीये सर. जमत नाही तर पगार कशाला घ्यायचा?"

अशा वेळी अनुभवी माणसानं काहीतरी बोलायचं असतं. मी म्हणालो, "उद्या तुमचा सराव पाठ आहे. तो करा, मग बघू." एवढं बोलून मी पत्रावळी मोजायला गेलो.

परतताना मी हे गुरुजींना सांगितलं. ते मागून म्हणाले, "उद्या म्या काय सवलत देनार न्हाय. सांगून ठेवतो. खोटं बोलून पास केली तर परवा ती अंबिकेपुढं उघडी पडंल."

दुसऱ्या दिवशी तिचा पाठ शेवटचा होता. विषय, घरातली माणसं. तिनं फळ्यावर घर काढलं, बाकीच्या 'पोरां'ना आई, आजी, काका विचारले. मल्लूकडं बघितलंही नाही. मला वाटलं, हरली, सोडून दिलं. मग तिनं बाकीच्यांना आपापलं घर काढायला सांगितलं आणि शेवटच्या रांगेत जाऊन गुरुजींच्या शेजारी बसली. समोर नाही, शेजारी. दोघांचीही तोंडं फळ्याकडं. तिनं काही विचारलं नाही. स्वतःच्या वहीत स्वतःचं घर काढू लागली.

"ही माझी खोली," ती चित्राकडं बघत म्हणाली. "इथं गॅस. इथं मी. बाकी कुणी नाही. शाळा सुटली की मी इथं येते आणि मग सकाळपर्यंत कुणाशी बोलत नाही. परवा कुकरची शिट्टी झाली तर मी म्हटलं, आले गं."

वर्गात खसखस पिकली. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. पेन्सिल चालू ठेवली. गुरुजींचं नख सतरंजीवर थांबलं होतं.

"म्या बी," मल्लू म्हणाला.

हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले आणि शेजारच्यानं ते धरले. स्वप्नालीनं वर पाहिलं नाही. पेन्सिल पुढं सरकवली. गुरुजींनी ती घेतली आणि तिच्या चित्रातल्या घराला लागून आणखी एक घर काढलं.

"मग तू काय करतोस?" तिनं हळूच विचारलं.

"शेजारी जातो," मल्लू म्हणाला. "तितले सर झोपल्यात म्हनत्यात. मग माघारी येतो."

आता मात्र सगळा हॉल हसला. बासष्ट वर्षांचं पोर, ते बारीक करून काढलेलं तोंड, आणि संध्याकाळीच झोपणारे सर. मीही हसण्यासारखं तोंड केलं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, ते बरं झालं.

ते सर मी.

मालकीणबाई गेल्यानंतर गुरुजी संध्याकाळी आमच्याकडं यायला लागले. पहिले काही दिवस मी बसलो. मग मला ते जड व्हायला लागलं. दिवसभर गाडीवर ऐकलेलं, घरी पुन्हा तेच. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या बोलण्याची नव्हे, बोलणं मध्येच थांबायचं त्याची भीती वाटायची. ते थांबले की आपण काहीतरी म्हणायला हवं आणि गेलेल्या बाईबद्दल मला काही म्हणता येत नव्हतं. मग त्यांच्या फाटकाची कडी वाजली की मी आतल्या खोलीत जाऊ लागलो. बायकोला सांगितलं, झोपलेत म्हण. तिला ते पटत नव्हतं, तरी ती दारात जाऊन म्हणायची. सकाळी गुरुजी नेहमीसारखे गाडीवर बसायचे आणि नेहमीसारखे बोलायचे. मी समजलो, त्यांना कळलेलं नाही. किंवा तसं समजणं सोयीचं होतं.

गुरुजी उठले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, सावकाश. एरवी सराव पाठानंतर ते अर्धा तास चुका काढतात. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "शेजारी बसली. बास." आणि चष्मा पुसत बाहेर व्हरांड्यात गेले.

निघताना स्वप्नाली गाडीजवळ आली. "गुरुजी, तुम्ही मुद्दाम बोललात ना? मला बरं वाटावं म्हणून?"

"मुद्दाम बोलायला म्या काय नटसम्राट हाय व्हय," गुरुजी म्हणाले. "बोलायचं न्हवतंच. तोंडातनं गेलं."

"अंबिकेच्या मी सारखी समोरच बसत होते," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "सर, अर्जाचं राहू द्या सध्या. दिवाळीपर्यंत बघते."

"दिवाळीला गावी गेलीस तर आमच्यासाटी आंबोळ्या आन," गुरुजी म्हणाले. "आन् न्हाय बोलली अंबिका तरी माघारी ये."

जळकोटपर्यंत हायवेवर ट्रकचे हॉर्न पहिल्यांदाच नीट ऐकू आले. त्यांच्या फाटकाशी गाडी थांबवली. ते उतरले, पिशवी खांद्याला लावली. मी इंजिन बंद केलं.

"गुरुजी, मी झोपत नव्हतो."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "आट वाजता कोन झोपतंय. आन् तुमच्या आतल्या खोलीतला टीव्ही रस्त्यापत्तूर ऐकू येतो. परवा त्यो सामना आपन हरलो ते मला तुमच्याच दारात कळलं."

"मग येत का होतात?"

त्यांनी फाटकाची कडी काढली. "वहिनी दारात दोन मिनिटं थांबायच्या. भाजी काय केली, थंडी कशी पडली, इचारायच्या. तेवडं बी पुरतंय कदीकदी."

मी गाडी स्टँडवर लावली आणि त्यांच्या मागोमाग आत गेलो. त्या घरात मी दहाव्याच्या दिवसानंतर पाऊल ठेवलं नव्हतं. गुरुजींनी खुर्चीवरचे कपडे उचलले, मला बसवलं, चहा केला. साखर किती ते त्यांनी विचारलं, कारण ते त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांचे शेजारी आम्ही.

ते काही बोलेनात. मला वाटलं, आता मीच काहीतरी म्हणायला हवं. कुठून सुरू करावं सुचेना, म्हणून जे कुणालाच सांगितलं नव्हतं तिथूनच केलं. म्हटलं, गुरुजी, मला पोरांची भीती वाटते. पहिल्यापासून. वर्ग नको म्हणून मी साधनव्यक्ती झालो. रोज नव्या शिक्षकांना सांगतो पोरांशी कसं बोलायचं, आणि मला माझ्या स्वतःच्या मुलीशीही नीट बोलता येत नाही. मालकीणबाई गेल्या त्या दिवशी मी तुमच्याजवळ यायला निघालो होतो. फाटकापर्यंत आलो आणि माघारी गेलो.

मी बोलत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. भिंतीपलीकडून बायकोनं दोनदा हाक मारली. गुरुजी पुढं वाकून ऐकत होते, कप हातात तसाच. चहा निवला, वर साय धरली. शेवटी त्यांनी उठून दोन्ही कप मोरीत ओतले आणि नवं आधण ठेवलं.