मँडोलिनचे चिमटे

जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या हातात लाकडाची एक बारीक, लांब पट्टी आहे आणि तिला ओला फेविकॉल फासलेला आहे. तो सुकायच्या आत ती पट्टी तुम्हाला एका मँडोलिनच्या कडेला आतून चिकटवायची आहे. नुसती चिकटवून भागत नाही, बोटबोट अंतरावर चिमटा लावून ती दाबून धरावी लागते. चिमटा म्हणजे दुसरातिसरा कुठला नाही, आपला कपडे वाळत घालायचाच. निम्मी पट्टी बसली, आणि तुम्ही डब्यात हात घातलात तर डबा रिकामा! पट्टी सोडली तर टणकन उडणार. फेविकॉल काही तुमच्यासाठी थांबणार नाही. आता काय कराल?

हं. म्हणजे नांदे गावच्या अपेक्षाने त्या रविवारी दुपारी जे केलं, ते का केलं, हे तुम्हाला समजेल.

अपेक्षा सहावीत होती. तिच्या पप्पांनी, म्हणजे किशोरने, रस्त्याकडेची थोडी जमीन विकून तीन मजली इमारत बांधली होती. खोल्या हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या. नांगर सुटला, पण हात स्वस्थ बसेनात. म्हणून किशोर गिटार बनवायला लागला. लोक विकत घेतात, हा बनवायला लागला! असे वेडे शेजारच्या चांदे गावात होते, कासारसाईला होते. त्यांचा फोनवर एक ग्रुप होता, ‘तारा जुळल्या’ नावाचा. कुणी फळी रंध्याने तासली की फोटो. कुणी गिटारीच्या पोटाला गोल भोक पाडलं की चारही बाजूंनी फोटो. कुणाची फळी तडकली तर सगळा ग्रुप सुतकात. आणि महिन्यातून एका रविवारी सगळे एकाच्या घरी जमायचे, आपापली अर्धीमुर्धी वाद्यं टेबलावर मांडायचे आणि तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायचे.

या रविवारची पाळी किशोरची होती. आणि आज टेबलावर पहिल्यांदाच अपेक्षाची मँडोलिन मांडली जाणार होती. पूर्ण झालेली नव्हे, नुसती कड. पण ती कड म्हणजे अपेक्षाचा जीव होता. तापलेल्या नळीवर ओली फळी हळूहळू वाकवायची, घाई केली की कटकन मोडते. दोनदा मोडली होती. तिसऱ्यांदा मात्र पाण्याच्या थेंबासारखी सुरेख वळली, आणि तेवढ्यात घरातलं ते लाकूडही संपलं. आता ही बिघडली तर दुसरी नाही.

“पप्पा, चिमटे द्या ना,” ती सकाळपासून मागे लागली होती.

“माझ्या गिटारीला लावल्यात सगळे. फेविकॉल बसू दे. उद्या दीन.”

“पण लोक आज येणार हायेत!”

“माझीबी गिटार आजच बगणार हायेत,” किशोर म्हणाला आणि गिटारीपुढे असा उभा राहिला, जणू ती लेक आणि अपेक्षा शेजारची पोरगी.

“ह्या घरात ल्हान कोन त्येच कळंना,” आतून साधनाचा, म्हणजे मम्मीचा आवाज आला. ती पाहुण्यांसाठी भज्यांचं पीठ भिजवत होती.

किशोर दूध आणायला गेला. अपेक्षाने घरातले सुटे चिमटे गोळा केले. ‘होतील एवढे पुरे,’ असं स्वतःलाच सांगितलं आणि फेविकॉल फासला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

“मम्मी! पळत ये! हितं धर!”

“अगं, हाताला पीठ हाय माझ्या!”

“एका हातानं धर! सोडू नको, न्हाईतर उडंल!”

साधनाने एका हाताने पट्टी दाबली, दुसरा पिठाचा हात हवेत धरला, आणि अपेक्षा जिन्यावरून सुसाट गच्चीवर गेली.

गच्चीवर काय होतं? तारेवर ओळीने पोपटी रंगाच्या जर्सी वाळत होत्या. दुसऱ्या मजल्यावरचा निषाद इमारतीतल्या भाडेकरूंच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. संध्याकाळी चांद्याच्या टीमशी त्यांची फायनल होती. आधीच्या मॅचमध्ये सगळे मातीत लोळले होते, म्हणून कॅप्टनने स्वतः सगळ्यांचे कपडे धुतले होते. आणि प्रत्येक जर्सीला दोन, दोन चिमटे!

‘कपड्याला दोन कशाला? एक पुरे की,’ अपेक्षाने विचार केला. विचार काही चुकीचा नव्हता. तिने एकेक काढून नेला. तरी वीतभर पट्टी उरलीच.

“आगं, माझा हात अवघडला,” साधना ओरडली. “भजी कवा तळू मी?”

अपेक्षा पुन्हा वर. वारा अजिबात नव्हता. जर्सी तारेवर नुसत्या टाकल्या तरी कुठे जाणार होत्या? तिने उरलेले चिमटेही काढून घेतले.

शेवटचा चिमटा बसला तेव्हा मँडोलिन दिसेनाशीच झाली. लाल, निळे, पिवळे, गुलाबी चिमटे सगळीकडून उभे. रंगीत साळिंदरच जणू! अपेक्षाने आनंदाने एक उडी मारली, मम्मीच्या फोनवरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. भराभर टाळ्या आल्या. “वा गं पोरी!” “एकटीनं?” चांद्याच्या शैलेशकाकांनी तर लिहिलं, “निघालोच.”

आणि नेमका त्याच वेळी कासारसाईच्या धरणाकडून वारा सुटला.

पहिली आरोळी जिन्यात ऐकू आली. “काकू! आमची टीम उडाली!”

निषाद अनवाणी खाली धावला. त्याच्या मागे टीममधले बाकीचे, कुणी टॉवेल गुंडाळलेला, कुणाच्या तोंडात ब्रश. इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर भैरूमामाची शेरडं-मेंढरं बसलेली असत. त्यांच्यावर आभाळातून हिरवंगार काहीतरी पडलं होतं. शेरडांनी फार विचार केला नाही.

“ओ निषादभाऊ,” भैरूमामा काठी टेकून शांतपणे म्हणाले, “तुमचा सात नंबर माज्या बोकडानं घेतलाय.”

“मग काढून द्या ना!”

“मागून बगितला. न्हाई म्हंतोय.”

बोकडाच्या एका शिंगात सात नंबरची जर्सी अडकली होती आणि तो ती फडकवत प्लॉटभर धावत होता. त्याच्यामागे सात नंबरचा खेळाडू.

“अरे, आडवा जा! आडवा!” निषाद ओरडला.

“काल बॉलला तर असा पळाला न्हाईस,” मागून कुणीतरी म्हणालं.

“लई चिवट कापड,” भैरूमामा एका शेळीच्या तोंडातली बाही ओढत म्हणाले. “दोन बार चावलं, तरी फाटलं न्हाई. कुटनं आनलं?”

अखेर सगळ्या जर्सी हाती आल्या, पण कशा? चिखलाने माखलेल्या, लाळेने भिजलेल्या. पोरांनी नळाखाली पुन्हा धुतल्या, पिळल्या आणि वर नेल्या. वारा आता असा सुटला होता की अर्ध्या तासात खडखडीत वाळल्या असत्या. तारेवर लावायला चिमटे तेवढे हवे होते.

एकाला दुकानात पिटाळलं. तो हात हलवत आला. “दुकानदार म्हणतो, चिमटे संपले. गिटारवाले सगळे घेऊन गेले.”

“गिटारवाले?” निषादने सावकाश विचारलं. आणि मग तो थेट किशोरच्या घरात शिरला. टेबलावर साळिंदर उभं होतं. त्याने त्यातला एक गुलाबी चिमटा ओळखला. आईने सांगलीहून पाठवलेला होता तो.

“अपेक्षा! हे आमचे चिमटे!”

अपेक्षा टेबलापुढे आडवी झाली. तिचे कान लालबुंद झाले होते. “मीच काढले, दादा. चुकलं माझं. मी जर्सी पुन्यांदा धुवून देते. पण आता हे काढू नका. पट्टी उडंल. कड वाकडी हुईल. माझ्याकडं दुसरं लाकूड न्हाई.”

“आणि आमची फायनल?”

“वल्ल्याच घाला की,” साधना म्हणाली.

“या वाऱ्यात? काकू, हुडहुडी भरलेल्या हातात बॉल कसा धरणार?”

एवढ्यात किशोर दूध घेऊन आला आणि त्याच्या पाठोपाठ ‘तारा जुळल्या’ची मंडळीही आली. कुणाच्या काखेत गिटारीची मान, कुणाच्या पिशवीत नुसतंच पोट. चिडलेल्या क्रिकेट टीमकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. सगळे टेबलाकडे धावले.

“काय वळवलीये!” “फट कुठंच नाही बघ!” “फोटोत एवढी छान दिसत नव्हती!”

“अहो, आमचे चिमटे—” निषाद.

“शू!” शैलेशकाका म्हणाले. शैलेशकाका बँकेत होते. पाच वर्षं एकच गिटार बनवत होते, पण गिटारीविषयी बोलायला लागले की बँक बंद व्हायची वेळ व्हायची. त्यांनी कडेला नाक लावून वास घेतला. “अजून ओला आहे. निदान तासभर तरी दाब हलता कामा नये.”

“तासाभरात आमची मॅच आहे!” सगळी टीम एकदम म्हणाली.

किशोरने सगळ्यांकडे पाहिलं, मग हळूच आपल्या गिटारीकडे सरकला आणि तिच्यापुढे उभा राहिला. कुणी काही म्हणायच्या आतच म्हणाला, “हिचे मिळायचे न्हाईत.”

अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. एकीकडे मँडोलिन, दुसरीकडे दादा लोकांची फायनल, आणि चूक तर तिचीच. तिने चिमट्यांकडे बघितलं. चिमटा म्हणजे तरी काय? समोरासमोरची दोन बोटं. मग तिने निषादच्या हातांकडे बघितलं.

“दादा, तुमची बोटं घट्ट हायेत का?”

“म्हणजे?”

“कॅच धरता तशी. एक चिमटा मी काढते, तुमी लगेच तितं बोटांनी दाबा. मग दुसरा. चिमटे मम्मी वर न्हेईल, जर्सी वाळत्याल. आन पट्टीबी उडायची न्हाई.”

सगळी टीम आपापल्या बोटांकडे बघू लागली. मग सात नंबर म्हणाला, “कॅप्टनला नको देऊ. त्याच्या हातून सोपे कॅच सुटतात.”

“सुटतात?” निषाद बाह्या सरसावत पुढे आला. “काढ गं पहिला चिमटा!”

चिमटा निघाला, बोटं बसली. दुसरा निघाला, दुसरी बसली. छोटीशी ती मँडोलिन, तिच्याभोवती पाच-सहा जणांच्यावर मावेनात. मग बॅटिंग ऑर्डर ठरली. ओपनर आधी. ज्याचा हात अवघडेल तो ‘आउट’ म्हणायचा आणि पुढच्याचं बोट बसलं की मगच आपलं काढायचं. साधना बादलीभर चिमटे घेऊन गच्चीवर गेली.

“दाबा, पण चुरडू नका,” अपेक्षा टेबलाभोवती फिरत सांगत होती. “निषाददादा, तुमचा अंगठा सरकला!”

“सरकला नाही गं, घाम आला.”

“घाम नको. फेविकॉल पातळ हुईल.”

निषाद घाम थांबवायचा प्रयत्न करू लागला.

सगळ्यात खूश होते शैलेशकाका. पाच वर्षांत त्यांचं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं, आणि आज समोर अशी माणसं बसली होती ज्यांना हलताच येत नव्हतं. “तर मंडळी,” त्यांनी खुर्ची ओढली, “लाकडाची जात ओळखायची कशी, तिथपासून सुरू करू.”

“आउट,” एक ओपनर लगेच म्हणाला.

पण थोड्या वेळाने गंमत झाली. बोटांखाली लाकूड कसं घट्ट होत चाललंय ते पोरांना जाणवायला लागलं. “ए, माझ्याकडची बसली वाटतं!” “माझी तर पक्की दगड!” आठ नंबर कान लावून ऐकू लागला. आता ‘आउट’ म्हणायला कुणी तयार होईना. बाहेर बसलेले ओरडू लागले, “अरे, आम्हाला कधी देणार? आम्ही काय पाणी द्यायलाच आलोय का?”

भैरूमामा दारात येऊन टेकले. बघत राहिले. “एवडी मान्सं एका लाकडाला धरून बसलीत,” ते म्हणाले. “पळून जातंय का काय त्ये?”

तेवढ्यात बाहेर मोटारसायकलींचा आवाज झाला. चांद्याची टीम! वाट बघून कंटाळली आणि शोधत इथवर आली. त्यांचा कॅप्टन हृतिक उंबऱ्यातूनच गरजला, “काय रं, घाबरून लपलाव का—”

“हळू!” निषाद दबक्या आवाजात म्हणाला. “बसतंय.”

हृतिकने बघितलं. फायनलची टीम बनियनवर बसली होती आणि तिने चिमटीत काहीतरी धरलं होतं.

“वेळ झाली,” शैलेशकाका म्हणाले. “एकेक बोट सोडा.”

एकेक बोट सुटत गेलं. शेवटचं बोट निषादचं. त्याने ते उचललं. पट्टी हलली नाही. शैलेशकाकांनी कडेवर टिचकी मारली. टण्ण! असा स्वच्छ आवाज आला की सगळं घर ओरडलं. सात नंबरने निषादला उचललं, किशोरने अपेक्षाला, आणि भैरूमामांनी साधनाने मघाशी तळून दाराशी ठेवलेल्या ताटातलं एक भजं.

“आता उलटी कर गं,” शैलेशकाका म्हणाले. “कडेची पुढची बाजू झाली, मागची राहिली. तिलाही अशीच पट्टी लागते.”

साधना गच्चीवरून उतरली. एका हातावर वाळलेल्या जर्सी, दुसऱ्या हातात बादली. “घे बाई, तुझे चिमटे. सगळे मोकळे झाले.”

पण हृतिक पुढे येऊन उभा होता. “ह्यांनी धरलं त्याला काय धरनं म्हंत्यात? घाम आला म्हनं! आमी चांद्याचे हाव. आमी धरून दावतो, मग बगा.”

“आणि मॅच?” निषादने विचारलं.

“हिचीच मॅच की! तुमची एक बाजू झाली, आता आमची. मग जाऊ ग्राउंडवर. उजेड हाय अजून.”

“ठीक आहे,” निषाद टेबलाशेजारी ठाण मांडत म्हणाला. “पण अंपायर मी. अंगठा सरकला की आउट.”

अपेक्षाने बादलीतल्या काठोकाठ चिमट्यांकडे बघितलं. मग चांद्याच्या टीमच्या हातांकडे बघितलं. चांगले राकट, कोरडे, घट्ट हात. तिने पायाने हळूच बादली कॉटखाली सरकवली आणि फेविकॉलचं झाकण उघडलं.